गोजरबाईंनी खाली उतरवलेलं पुलपीट

मित्रांनो, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे जाताना डाव्या हाताला एक लहानसं दगडी चर्च लागतं. त्या चर्चमधला उपदेशाचा जुना लाकडी मंच म्हणजे मी. मंडळी मला पुलपीट म्हणतात. पाळक माझ्यावर उभे राहतात, पवित्र शास्त्रातला उतारा वाचतात आणि त्याचा अर्थ सांगतात. साठ वर्षं मी हे काम करत आलो आहे.

मला भीमा साळवे यांनी घडवलं. ते एका मिलच्या सुतारखात्यात धोटे बनवायचे. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो, तो धोटा. तो जरा खडबडीत राहिला तरी सूत तुटतं, म्हणून भीमांचा रंधा फार निगुतीनं चालायचा. सुट्टीचे दिवस घालून त्यांनी सागवानातून मला उभं केलं. चढायला चार पायऱ्या, पुढे छातीला लागणारी फळी, फळीवर कोरलेली द्राक्षवेल, आणि डोक्यावर आवाज पुढे फेकणारं छत. तेव्हा माईक नव्हता. काम संपलं तेव्हा भीमा शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि म्हणाले, "बोला सायेब. हळू बोला." पाळक हळू बोलले. "पोचलं!" भीमा तिथूनच ओरडले. त्या दिवसाइतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

पुढे माझ्यावर कितीतरी पाळक उभे राहिले. एक जण दर वाक्याला माझ्या फळीवर मूठ आपटायचे. एक जण हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगताना दर वेळी रडायचे आणि त्यांचा रुमाल माझ्या कोपऱ्यात विसरून जायचे. बाहेरगावचे पाहुणे आले की म्हणायचे, "काय भारदस्त पुलपीट आहे!" मी लाकूड असूनही फुगायचो.

तीन वर्षांपूर्वी मोहोळहून अमृत रणभिसे नावाचे पाळक आले. वय तिशीचं, अंगानं किरकोळ, उंचीनं बुटके. माझ्यावर उभे राहिले की बाकांवरून त्यांचं फक्त डोकं दिसायचं, आणि त्यातलाही अर्धा चेहरा माईकमागे. पण मेहनत विचारू नका. शनिवारी दुपारी रिकाम्या चर्चमध्ये ते पूर्ण उपदेश तीनदा म्हणायचे.

एका रविवारी त्यांनी रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातल्या दहाव्या अध्यायावर उपदेश केला. विश्वास ऐकण्यानं येतो, असं प्रेषित पौल तिथे सांगतो. अमृतांनी ते वाक्य दाराजवळच्या फळ्यावर खडूनं लिहिलंही होतं. उपासना संपली. लोक एकमेकांना सलाम करून घरी गेले. एक बाई मात्र फळ्यासमोरून हलेना.

त्या गोजरबाई. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायच्या. नऊ वर्षं दर रविवारी त्या डावीकडच्या दुसऱ्या बाकावर बसत आल्या होत्या, आणि माझ्याकडे टक लावून पाहत. मला वाटायचं, काय मन लावून ऐकते ही बाई!

"सायेब, एक इचारू का?" त्या म्हणाल्या. आवाज जरुरीपेक्षा मोठा होता.

"विचारा की, मावशी."

"हितं लिवलंय, विश्वास ऐकण्यानं येतो. मला तर कायबी ऐकू येत न्हाय. बत्तीस वर्सं झाली मागाच्या खडखडाटात. कान गेलं. मग माझा विश्वास कशानं आला? का आलाच न्हाय?"

अमृत गडबडले. त्यांनी मोठ्यानं काहीतरी सांगायला सुरुवात केली. गोजरबाईंनी हात वर केला.

"वरडू नगा. वरडून कानात जात न्हाय. तोंड नीट हललं की मला समजतंय. कारखान्यात आमी समदे तसंच बोलतो. पर तुमचं तोंड त्या माईकमागं, आन् हात त्या फळीमागं. नऊ वर्सं मी पाळकाचं निस्तं कपाळ बघतीया."

"मग येता कशाला मावशी?" अमृतांच्या तोंडून निघून गेलं.

"माझं घर हाय की हे," गोजरबाई म्हणाल्या आणि छत्री उचलून निघून गेल्या.

अमृत माझ्या पायरीवर बसून राहिले. नऊ वर्षांत सुमारे साडेचारशे उपदेश माझ्यावरून झाले होते, आणि समोर बसलेल्या एका बाईला त्यातला एकही पोचला नव्हता. ते उठले, फळ्यापाशी गेले, वाक्य पुसायला हात उचलला आणि थांबले. "पुसणार नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "उत्तर सापडेपर्यंत पुसणार नाही."

पुढच्या रविवारी त्यांनी दुसऱ्या बाकाशेजारी मोठा स्पीकर ठेवला. पुढच्या बाकावरच्या लेकरांनी कानांवर हात घेतले. गोजरबाईंनी मान हलवली : नाही. मग अमृत सरळ कारखान्यात गेले. तिथं काय पाहिलं ते त्यांनी परत येऊन मंडळीला सांगितलं. साठ माग एका वेळी चालतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तरी बायाबापड्या ओठांनी आणि बोटांनी एकमेकांची थट्टासुद्धा करतात.

त्यानंतर दर बुधवारी, कारखान्याची पाळी सुटल्यावर, गोजरबाई चर्चमध्ये येऊ लागल्या. त्या शिक्षिका आणि पाळक विद्यार्थी. मला तर गंमतच वाटायची.

"ओठ चावू नगा, सायेब."

"असं?"

"आता तर तोंडात भजी हाय वाटतंय."

अमृत हसायचे आणि पुन्हा सुरुवात करायचे. एका बुधवारी ते 'समेट' या शब्दावर अडले. देवानं ख्रिस्ताद्वारे माणसाशी समेट केला, हे ख्रिस्ती विश्वासाचं मुख्य शिक्षण. ते ओठांवर कसं वाचायचं? गोजरबाईंना शब्दच कळेना. अमृतांनी दोन हात दूर नेले, मग जवळ आणले. गोजरबाई बघत राहिल्या. मग त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर हळूच पिळलं. "तुटल्यालं सूत सांदायचं," त्या म्हणाल्या. "आमी अशी खूण करतो. हेच ना?"

अमृतांनी तीच खूण करून पाहिली. "हेच," ते म्हणाले. "कॉलेजात तीन वर्षं शिकलो मावशी, पण इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं."

आता अडचण उरली होती ती माझीच. माझी उंच फळी त्यांचे हात झाकत होती. अमृतांनी मंडळीच्या सभेत विचारलं, "पुलपीट दोन वीत खाली घेऊ या का? वरचं छतही काढू. तोंडावर सावली येते."

सेक्रेटरी मानसिंग साळवे ताडकन उठले. भीमांचे ते चिरंजीव, कारखान्यात मागांची दुरुस्ती करणारे जॉबर होते, आता निवृत्त. "माझ्या बापाच्या हातचं हाय ते. त्याला करवत लागली तर मी ह्या दारात पाऊल ठेवणार न्हाय!"

खरं सांगतो मित्रांनो, मी मनातून मानसिंगांच्याच बाजूचा होतो. स्वतःच्या अंगावर करवत कुणाला आवडेल?

अमृत भांडले नाहीत आणि मागेही हटले नाहीत. ते म्हणाले, "काकांना दुखवून काही करायचं नाही. मी खाली उभा राहतो." दुसऱ्या रविवारपासून ते माझ्यावर चढलेच नाहीत. बाकांसमोर जमिनीवर उभं राहून ते बोलू लागले. पुढच्या दोन ओळींना दिसायचं. मागचे लोक माना उंचावून कंटाळायचे. मला कुणीतरी एक सोलापुरी चादर पांघरली. सहा महिने मी त्या चादरीखाली उभा होतो. छतावर कोळ्यांनी जाळी केली. कधीकाळी भारदस्त म्हणून गौरवलेला मी, आता माझ्या पायऱ्यांवर लोक छत्र्या आणि डबे ठेवू लागले. मला अमृतांचा राग आला, गोजरबाईंचाही आला.

मग तो रविवार आला. उतारा होता मार्काच्या शुभवर्तमानातला. लोक एका बहिऱ्या माणसाला येशूकडे आणतात. अमृतांनी त्या दिवशी मानसिंगांनाही पुढच्या बाकावर बसवून घेतलं होतं, सभेचे सेक्रेटरी म्हणून.

"प्रभूनं काय केलं बघा," अमृत हळू, प्रत्येक शब्द ओठांवर ठेवत म्हणाले. त्यांचे हात चालत होते. "त्याला गर्दीतून बाजूला घेतलं. त्याच्या कानांत बोटं घातली. जिभेला स्पर्श केला. वर आकाशाकडे पाहिलं. सुस्कारा टाकला. हे सगळं बहिऱ्याला दिसत होतं! 'मोकळा हो' हा शब्द त्यानंतर. कान उघडायच्या आधीच देव त्या माणसाशी बोलला होता, त्याला समजेल तसा."

मग ते गोजरबाईंकडे वळले. "विश्वास ऐकण्यानं येतो, हे खरंच आहे. पण आधी बोलणारा देव आहे, आणि तो कानांवर अडत नाही. अडलो होतो ते आम्ही पाळक. मावशी, तुमचा विश्वास खरा आहे. नऊ वर्षं चूक आमची होती."

गोजरबाईंनी पदर तोंडाला लावला. मी मात्र मानसिंगांकडे पाहत होतो. ते पुतळ्यासारखे बसले होते. उपासना संपल्यावर ते अमृतांच्या समोर येऊन उभे राहिले.

"पुन्यांदा सांगा," ते म्हणाले. "ते आधी बोलल्याचं. असंच, समोरनं."

अमृतांनी पुन्हा सांगितलं.

"जॉबर होतो मी. चाळीस वर्सं," मानसिंग म्हणाले. "दहा वर्सं झाली, उपदेशातलं एक अक्षर कळलं न्हाय. सभेत समोरासमोर तोंड दिसतं, म्हणून भागतं. उपासनेत शेजारच्याचं तोंड बघून आमेन म्हणतो. घरी बायकोलाबी म्हाईत न्हाय. सेक्रेटरी बहिरा म्हटल्यावर लोक काय म्हणतील?" त्यांनी माझ्यावरची चादर ओढली आणि द्राक्षवेलीवरून बोटं फिरवली. "बापानं हे आवाज पोचावा म्हणून केलतं. मागच्या बाकापतुर. आता पोचत न्हाय म्हटल्यावर त्येनंच कापलं असतं."

गुरुवारी दुपारी ते बापाची हत्यारांची पेटी घेऊन आले. करवत त्यांनी दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही. गोजरबाई मागच्या बाकावर बसल्या. अमृत माझ्यामागे उभे राहिले. "दिसतंय?" मानसिंग खुणेनं विचारायचे. गोजरबाई तळवा खाली दाबायच्या : अजून खाली. वेल असलेली फळी त्यांनी सोडवून घेतली आणि खालच्या कापलेल्या जागी पुन्हा बसवली, एक पानही न मोडता. चारांतल्या तीन पायऱ्या गेल्या. छत गेलं. भुसा जमिनीवर पडत होता आणि मला दुखत होतं, हे खोटं सांगणार नाही. पण शेवटी गोजरबाईंनी दोन्ही हात वर केले, तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला.

आता मी बुटका आहे. पाहुणे भारदस्त वगैरे म्हणत नाहीत. फळ्यावरचं ते वाक्य अमृतांनी अजून पुसलेलं नाही. आता त्यांना ते पुसायचंच नाही. एमआयडीसीतल्या मागांवरचे आणखी अकरा जण येऊ लागलेत. ते इतकी वर्षं का येत नव्हते, ते आता सगळ्यांना कळलं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात कुणीतरी गप्प बसून नुसतं बघत असेल. त्याला सगळं समजलं असेल, असं धरून चालू नका. त्याच्यासमोर जा, उजेडात उभे राहा आणि विचारा. आणि जुन्या वस्तूंना जपा, पण त्या ज्या कामासाठी झाल्या ते काम आधी जपा. त्यासाठी त्यांना थोडं कापावं लागलं, तर कापा. आम्ही सोसतो.

गेल्या रविवारी शास्त्रपाठ वाचायला अमृतांनी गोजरबाईंना बोलावलं. त्या माझी एकुलती पायरी चढल्या. त्यांनी माझी फळी घट्ट धरली. मग खड्या, सपाट, मागावर हाक मारावी तशा आवाजात त्यांनी अख्खा अध्याय वाचला. स्वतःचा एक शब्दही त्यांना ऐकू येत नव्हता. मध्ये एकदाही त्या थांबल्या नाहीत.