त्या नऊ दवाखान्यांत काय होतं?

एकशे बारा दवाखान्यांनी एकच शब्द लिहिला होता, आणि तोही चुकीचा.

दीपा शिरसाठ सहा महिन्यांपूर्वी जिल्ह्याच्या कार्यालयात, संगणक विभागात रुजू झाली होती. जनावरांच्या दवाखान्यांसाठी नवे स्कॅनर घ्यायचे, अशी फाइल तिच्या टेबलावर आली. गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यासमोर यंत्र धरलं की नंबर थेट सरकारी नोंदीत जातो. असे स्कॅनर दोन वर्षांपूर्वी घेतलेच होते. आता त्याहून भारी मॉडेल हवं होतं. 'आधीच्या यंत्राचा उपयोग' या रकान्यात प्रत्येकाने लिहिलं होतं, 'समाधानकरक'. एकाने काना खाल्ला आणि बाकीच्यांनी तो तसाच उतरवून घेतला.

दीपाला आधी हसू आलं. मग वाटलं, खरं काय असेल?

"साहेब, एखादा दवाखाना बघून येऊ?" तिने विभागप्रमुख आदिनाथ गुंड यांना विचारलं.

"त्यात बघायचंय काय? मार्चच्या आत खरेदी झाली नाही तर निधी परत जाईल."

"एकच दिवस, साहेब."

"जा. पण शुक्रवारी फाइल सहीला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ती काष्टीच्या अलीकडच्या एका वाडीवर उतरली. दवाखान्यात वाल्मिक दरेकर नावाचे पर्यवेक्षक होते. स्कॅनर कपाटात, खोक्यात होता. पडद्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं.

"बिघडलाय का?"

"न्हाई मॅडम, चांगला चालतो. फक्त गाईपुढं चालत न्हाई." वाल्मिक हसले. "या, दावतो."

बाहेर भिमाबाई नावाची बाई गाय घेऊन उभी होती. वाल्मिकांनी एका हाताने गाईचा कान धरला आणि दुसऱ्या हाताने यंत्र समोर आणलं. यंत्राने 'टिंग' करण्याआधीच गाईने अशी मान झटकली की वाल्मिक दोन पावलं मागे गेले आणि यंत्र शेणात पडता पडता राहिलं.

"मग नोंदी कशा होतात?" दीपाने विचारलं.

भिमाबाईंनी पदराआडून मोबाईल काढला. "ह्यात बघा की. गाय गोठ्यात निवांत रवंथ करती, तवा मी बिल्ल्याचा फोटो काढते आन् ह्या दरेकरसायबांना धाडते. हे सांच्याला घरी बसून भरत्यात."

"मावशी, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोन शिकवनार? आमी सगळ्या बाया तसंच करतो."

दीपा कार्यालयात परतली आणि संगणकासमोर बसली. कोणता स्कॅनर शेवटचा कधी चालला, याची नोंद आपोआप होत असते. ती आजवर कुणी उघडून पाहिलेली नव्हती, इतकंच. एकशे बारापैकी नऊ यंत्रं रोज चालत होती. बाकीची पहिल्या आठवड्यातच थंड पडली होती.

एकशे तीन का बंद आहेत, हे ती काष्टीकडे पाहून आली होती. मग ही नऊ का चालतात? नेटवर्क चांगलं असेल म्हणावं, तर त्यातली चार गावं डोंगराआड होती. कर्मचारी तरुण असतील म्हणावं, तर एकजण निवृत्तीला आला होता. तिला चैन पडेना. सकाळी उठून तिने पारनेरची एसटी धरली.

राळेगणसिद्धीच्या पुढे, त्या नऊपैकी एका गावात भागवत नाना हे पर्यवेक्षक होते. त्यांनी गाय दवाखान्यामागे नेली. तिथे चार लोखंडी खांबांचा, आडव्या दांड्यांचा खोडा होता. गाय आत गेली, नानांनी पुढचा दांडा सरकवला, आणि गाय गप्प उभी राहिली. नानांचे दोन्ही हात मोकळे. टिंग. पुढची गाय.

"नाना, हा खोडा कधीचा?"

"लई जुना. टोचायला, रेतनाला लागतोच की. गावानंच बसवला हुता."

दीपाने तिथेच ओट्यावर बसून उरलेल्या आठ दवाखान्यांना फोन लावले. "तुमच्याकडे खोडा आहे?" आठही ठिकाणी होता. मग तिने बंद यंत्रांपैकी वीस ठिकाणी विचारलं. अठरा ठिकाणी नव्हता. दोन ठिकाणी होता, पण मोडका.

शुक्रवारी गुंड साहेबांनी तिचं एकपानी टिपण दोनदा वाचलं.

"संगणक विभागाने लोखंडी खोडे मागायचे? खर्चाच्या कोणत्या लेखाशीर्षात बसवू?"

"आपल्या लेखाशीर्षात बसणार नाहीत, साहेब. पण नवे स्कॅनर घेतले तर तेही कपाटातच जातील."

साहेबांनी टिपण घडी घालून खिशात ठेवलं. मग त्यांनी गाडी काढायला सांगितली. "मला एकदा स्वतः धरून बघू दे."

वाडीवर भिमाबाईंच्या गाईने मान झटकून साहेबांचा चष्मा उडवला. परतीच्या वाटेवर ते एकच बोलले, "हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी विचारायला हवा होता. त्या खरेदीवर मीच सही केली होती."

त्यांनी खरेदी थांबवली. निधी परत गेला, आणि वरून खुलासा मागणारं पत्र आलं. साहेबांनी उत्तरासोबत दीपाचं टिपण जोडलं. खोड्यांची मागणी दुसऱ्या विभागातून गेली आणि दिवाळीपर्यंत बारा दवाखान्यांत ते बसले. पहिला वाल्मिकांकडे.

महिन्याने दीपाने पुन्हा नोंद उघडली. बारापैकी दहा यंत्रं रोज चालत होती.

"झकास!" गुंड साहेब म्हणाले. "झालं ना मनासारखं?"

"दहाचं झालं. त्या दोन ठिकाणी काय अडलं असेल, साहेब?"

"मला काय विचारतेस?" ते हसले आणि तिच्या दौऱ्याच्या अर्जावर सही करू लागले. "गाडी किती वाजता आहे?"