माधवनगरपर्यंत सुमैराच्या मागे

हे तुम्हाला पटणार नाही. रहिमतपुरात कुणाला पटलं नाही, आणि ज्यांना पटलं त्यांना अजून दुधाचे दात आहेत. तरी सांगतो, कारण मागच्या कॅरिअरला दुधाच्या किटल्यांचे हूक असलेल्या काळ्या सायकलीवर बसून, वाऱ्याला फसवत रहिमतपूरहून माधवनगरला गेलेला माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मी एकटाच आहे.

मी दस्तगीर. स्टँडच्या रस्त्याला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या बहिणीची मुलगी सुमैरा शाळेत होती तेव्हापासून माझ्या हाताखाली काम शिकली. फेब्रुवारीतल्या एका रविवारी साताऱ्याहून सांगलीला निघालेली सायकलवाल्यांची टोळी नाश्त्याला आमच्या गावात थांबली. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्यावर कलिंगडाच्या फोडीसारख्या टोप्या. एकाचं चाक खड्ड्यात बसून वाकडं झालं होतं, आणि त्यांच्या मागं टेंपोत बसणारा मिस्त्री तापानं साताऱ्यातच आडवा झाला होता. वाकडं फिरणारं चाक तारा आवळून, सैल करून सरळ करतात, त्याला आम्ही आउट काढणं म्हणतो. सुमैरानं त्या चाकाचा आउट काढून दिला. मी शेजारीच उभा होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. तिलाच विचारलं, सांगलीपर्यंत टेंपोतनं येतेस का. ती गेली.

त्या टोळीत माधवनगरचा मानसिंग होता. त्याचं तिथं भारी सायकलींचं वर्कशॉप आहे, आणि दरवर्षी तो दोन पोरांना वर्षभर ठेवून घेतो, शिकवतो, वर पगारही देतो. यंदा येतेस का, असं त्यानं सुमैराला विचारलं. हे मला तिच्या आईकडून कळलं. सुमैरानं काय उत्तर दिलं ते तिच्या आईलाही माहीत नव्हतं. सुमैरानं मला सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मी का विचारू?

परत आल्यापासून मात्र तिच्या तोंडी एकच नाव. मानसिंग सर हात पुसल्याशिवाय हँडलला हात लावत नाहीत. मानसिंग सर चेन दाताच्या ब्रशनं धुतात. मी तिला पंक्चर कसं शोधायचं ते शिकवलं, बॉल बेअरिंग ग्रीसमध्ये कसे बसवायचे ते शिकवलं, आणि मी मामूचा मामूच राहिलो. हा एका दिवसात सर झाला. मंगळवारी दुकान उघडलं तर भिंतीवर खिळे ठोकलेले, खिळ्यांना पाने टांगलेले आणि प्रत्येक पान्याभोवती त्याच्याच आकाराची खडूची रेघ. मानसिंगच्या भिंतीवर असंच असतं म्हणे. कुठला पाना जागेवर नाही ते लगेच कळतं. माझे पाने जन्मभर खोक्यात होते आणि हात घातला की पाहिजे तो हाताला लागायचा. ती जेवायला गेली की मी दहाचा पाना चौदाच्या रेघेत टांगून ठेवायचो. ती यायची, तो काढून परत त्याच्या जागी लावायची. दोन-तीन दिवस आमचं बोलणं म्हणजे एवढंच.

गुरुवारी दुपारी नानासो बाकड्यावर येऊन बसले. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, आता ऊस बघतो. समोरच्या रसवंतीचा सिद्धूही गिऱ्हाईक नाही म्हणून आला. सुमैरा आत एक चाक स्टँडला लावून तारा आवळत होती. तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी सुरुवात केली, की परवा रविवारी मी त्या टोळीच्या मागं माधवनगरला जाऊन आलो.

सिद्धू म्हणाला, रविवारी दिवसभर तर तू माझ्यासमोर खुर्चीत बसला होतास. मी म्हणालो, ती माझी टोपी आणि चष्मा. ते खुर्चीवर ठेवून गेलो होतो. गिऱ्हाइकं त्यांच्याशीच बोलून गेली, दोघांनी तर उधारीसुद्धा मागितली.

पुसेसावळीपर्यंत टेंपोचं मागचं फळकूट मला दिसत होतं. सुमैरा त्यात पाय सोडून बसलेली, आणि तो मानसिंग सायकल टेंपोच्या अगदी कडेनं घालून तिच्याशी गप्पा मारत चाललेला. एवढ्या टोळीत त्याला बोलायला दुसरं कुणी मिळेना. मी पॅडल हाणलं, पण तेवढ्यात माण तालुक्याचा वारा समोरून, घरी माणकडं परत निघाला. तिकडचा वारा कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे, पाणी नाही म्हणून नुसता रिकामा फिरतो, त्याला जोर फार. माझ्या डोक्यावरून दोन मेंढ्या गेल्या. तिसरीनं माझ्याकडं वळून बघितलं. सायकल जागच्या जागी. मग मी काय केलं, सीटवर उलटा बसलो, तोंड माणकडं केलं आणि हात मागं नेऊन हँडल धरलं. वाऱ्याला वाटलं, हा माणकडंच निघालाय. त्यानं मला सोडून दिलं.

“आन पॅडल?” नानासोंनी विचारलं. “उलटं बसून पॅडल कसं मारलंस, दस्तगीर?”

“सुभेदार, फौजेत उलटी कवायत करत न्हाईत व्हय?” मी म्हणालो. त्यावर त्यांनी मिशी चाचपली आणि पुढं सांग म्हणाले.

विट्याच्या अलीकडं मागची ट्यूब फुटली. सोल्युशन नाही, पंप नाही. जवळच गुऱ्हाळ चालू होतं. कढईतली काकवी उलथन्यावर घेतली, भोकावर थापली, फुंकर घातली. असा पॅच बसला की कंपनीला जमणार नाही. पण गोड वस्तू. विट्याच्या मुंग्यांनी वास काढला आणि चाकामागं रांग धरली. मी पुढं, त्या मागं, तासगावच्या चढापर्यंत. चढाला माझा दम गेला तेव्हा मुंग्यांनीच मागून ढकललं. काकवी त्यांच्या हातची जाईल या भीतीनं.

सिद्धू रसाचा धंदा करणारा. त्यानं शंका काढली की काकवी उन्हानं पातळ होते, असा पॅच टिकत नाही. मी त्याला सांगितलं, तुझ्या रसात तू पाणी घालतोस, त्याची काकवी नाही टिकणार.

विट्याच्या चहाला टोळी थांबली होती, तिथं मी झाडाआडून बघितलं. मानसिंगनं स्वतःची तारा आवळायची चावी खिशातनं काढून सुमैराला दिली. पितळी, हातात मावेल एवढी. तिनं ती उलटसुलट केली आणि हसली. माझ्याकडच्या चावीला ती कधी हसली नव्हती. माझी चावी तिला जड वाटत होती हे तिनं मला सांगायला पाहिजे होतं, मी घासून हलकी केली असती. चहा घ्यायचा होता, पण घेतला नाही. इच्छाच गेली. सायकलवर बसलो ते रागानंच, आणि तासगावातून असा गेलो की माझ्या वाऱ्यानं रस्त्याच्या डाव्या हाताच्या द्राक्षांचे वेलीवरच बेदाणे झाले. एक बागायतदार हात जोडत मागं पळाला. म्हणाला, मामा, उजव्या हाताची बागबी माझीच हाय, परत येताना तिकडनं जावा.

नानासो एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आत तारांचा टिंग टिंग आवाज चालूच होता. मी आवाज थोडा वाढवला.

माधवनगरला वर्कशॉपात शिरलो तर मानसिंगनं चाक एका यंत्राला लावलेलं, यंत्राला काटा, आणि सगळी टोळी काट्याकडं बघत गोल उभी. सुमैरा सगळ्यात पुढं. मी म्हणालो, काटा लागतो कुणाला? रुमालानं माझे डोळे बांधा. त्यांनी बांधले. मी एकेक तार नखानं वाजवत गेलो. सैल तार घोगरी बोलते, आवळलेली चिरकते, बरोबर असली की गप्पकन एक सूर देते. चाक सोडलं तर काटा हलेना. मानसिंगला वाटलं यंत्र बंद पडलं, त्यानं खालून वरून बघितलं. ते चाक अजून फिरतंय. त्याला थांबवायचं कसं हे कुणाला कळत नाही म्हणून रात्री त्याच्यावर पोतं टाकतात.

“आन मग?” सिद्धू म्हणाला.

मग मानसिंग ओशाळला. कपाळाचा घाम पुसला, हात न पुसताच. तरी जाता जाता त्यानं सगळ्यांसमोर सुमैराला विचारलं की माझ्याकडं वर्षभर शिकायला येतेस का. मी डोळ्यावरचा रुमाल काढला नव्हता. मी तसाच उभा. आणि आपली पोरगी सगळ्या सांगलीला ऐकू जाईल अशी म्हणाली की मला शिकवायला माझा मामू हाय, मी रहिमतपूर सोडून कुठं जायची न्हाई.

एवढं सांगून मी थांबलो. नानासो हसले नाहीत. सिद्धू रस्त्याकडं बघायला लागला. आतला टिंग टिंग आवाज बंद झाला होता.

सुमैरा दारात आली. चाक तिच्या हातात होतं, ते तिनं चौकटीला टेकवलं. हात ओढणीला पुसले, नीट, एकेक बोट.

“मामू,” ती म्हणाली, “तुमी तितं आलाच न्हाई. आन मी त्यांना व्हय म्हणलेय.”