झाकण कोणी मिटलं?

डोळे मिटा पाहू. घट्ट. आता समजा, तुम्ही लिफ्टमध्ये एकटेच आहात आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली आहे. दिवा गेलाय. दार उघडत नाही. चाचपडता चाचपडता भिंतीवरचं एक बटण हाताला लागतं, तुम्ही ते दाबता, आणि अंधारातून एका बाईचा आवाज येतो, "घाबरू नका. मी इथेच आहे. दार उघडेपर्यंत फोन ठेवणार नाही." कसा जीवात जीव येतो, नाही?

आणि आता समजा, तो आवाजच मध्ये तुटला.

तो आवाज टिटवीच्या आईचा. टिटवी हे काही शाळेतलं नाव नव्हे. प्रश्न विचारताना तिचा आवाज चढायचा, म्हणून बाबांनी लाडाने ठेवलेलं. बाबा जाऊन आता दोन वर्षं होत आली होती. आई लिफ्टच्या कंपनीचं काम घरूनच करायची. स्वयंपाकघरातलं टेबल, कानाला हेडफोन आणि समोर कंपनीचा लॅपटॉप. कंपनीचा म्हणजे कसा, तर वापरायचा आपण, पण हुकूम चालायचा कंपनीचा. त्यातलं काही बदलता यायचं नाही, नवं काही घालता यायचं नाही. टिटवीने तर त्याला बोटही लावायचं नाही, असा दंडक होता.

टेबल होतं बसकं. मान अवघडायची, म्हणून आईने कंपनीचा लॅपटॉप बाबांच्या जुन्या, मिटलेल्या लॅपटॉपवर ठेवला होता. बाबांच्या लॅपटॉपचा पासवर्ड एकट्या बाबांनाच ठाऊक. टिटवीच्या लहानपणीचे सगळे फोटो त्यातच अडकलेले. तो माळ्यावर टाकायला आईचा हात धजत नव्हता. "उंचीला बरा आहे," एवढंच ती म्हणायची.

पहिल्यांदा झालं तेव्हा लिफ्टमधला माणूस रडत होता. आई त्याला धीर देत होती आणि लॅपटॉपचा पडदा एकदम काळा झाला. आईने हेडफोन हलवला, लॅपटॉप मागे ढकलून बटण दाबलं, पासवर्ड घातला. तोवर फोन तुटला होता. तो माणूस सुखरूप बाहेर आला हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर तिच्या घशाखाली घास उतरला नाही.

मग पुन्हा झालं. मग पुन्हा. कंपनीचा आयटीवाला दादा दूर कुठेतरी बसून लॅपटॉप तपासायचा. पडद्यावरचा बाण कोणी हात न लावता आपला आपण फिरू लागला की दारात उभ्या टिटवीच्या अंगावर काटा यायचा. दादाने सगळं पुसून नव्याने भरलं. दोष सापडेना. शेवटी त्याने लॅपटॉपच बदलून दिला. आईने सुटकेचा श्वास सोडला, आणि त्याच आठवड्यात नवा लॅपटॉपही एका घाबरलेल्या मुलीचा फोन चालू असतानाच काळा झाला.

बघा हं, जुना लॅपटॉप बिघडला होता म्हणावं, तर नव्याला काय झालं? मग दोष घरात आहे की माणसात?

मॅडमना वाटलं, माणसात. आईच्या वरच्या साहेबीण त्या, तशा वाईट नव्हत्या. पण त्यांच्यापुढे लॅपटॉपने आपली आपण ठेवलेली नोंद होती.

"ताई, लॅपटॉप बंद पडतच नाहीये," त्या फोनवर म्हणाल्या. "दर वेळी कोणीतरी झाकण मिटतंय. झाकण मिटलं की फोन तुटतो, हे तुम्हाला माहीत आहे. आणि नेमके अवघडच फोन कसे हो तुटतात?"

"मी नाही मिटलं, मॅडम."

"मग कोणी मिटलं?"

आणखी एकदा झालं तर वर कळवावं लागेल, असं मॅडम म्हणाल्या. वर कळवणं म्हणजे नोकरी जाणं, हे टिटवीलासुद्धा कळत होतं. त्या दिवसापासून आई स्वतःच्याच हातांकडे बघू लागली, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते. भीतीच्या भरात आपणच झाकण मिटतो आणि विसरतो की काय?

"आई," टिटवी हळूच म्हणाली, "आपण बाबांच्या डोक्यावर ओझं ठेवलंय, ते त्यांना आवडत नसेल का?"

"खुळी आहेस का," आई म्हणाली. पण नंतर तिने खालचा लॅपटॉप फडक्याने पुसला, कडेकडेने, बराच वेळ. ते बघून टिटवीला जास्तच भीती वाटली.

रविवारी शाळा नव्हती. आईने टिटवीला टेबलाजवळ, आपल्या बाजूला बसवलं.

"तू फक्त झाकणाकडे बघायचं. मी मिटलं तर मला सांगायचं. खरं सांगायचं."

आपल्या आईवर पहारा ठेवायचा. काय वाटलं असेल त्या पोरीला, विचार करा.

दुपारी फोन आला. एक म्हातारी अडकली होती, तिला धाप लागली होती. आईचा आवाज मऊ झाला. "आजी, मी इथेच आहे. भिंतीला टेका. माणूस निघालाय तिकडे." म्हातारी रडू लागली तशी आई पुढे वाकली. घाबरलेल्या माणसाचे खांदे धरून त्याला जवळ घ्यावं ना, तसा तिने दोन्ही हातांनी लॅपटॉप धरून आपल्याकडे ओढला.

पडदा काळा झाला.

आई गोठली. "मिटलं का मी?" तिने विचारलं.

टिटवीने झाकणावरून डोळे हलवले नव्हते. "झाकण नाही हललं," ती म्हणाली. "लॅपटॉप हलला. तू ओढलास." आणि ज्याला बोट लावायची बंदी होती, तो लॅपटॉप तिने दोन्ही हातांनी मागे सरकवला. पडदा उजळला.

तिकडे आजी अंधारात होत्या. आईने पासवर्ड घातला, लिफ्टमध्ये उलट फोन लावला. "आजी, मी परत आलेय. आता नाही जायची." आणि दार उघडल्याचा आवाज येईपर्यंत ती ताठ बसून बोलत राहिली. हात मांडीखाली दाबून.

मग दोघींनी करून पाहिलं. पुढे ओढला की काळा. मागे ढकलला की उजेड. आईने आयटीवाल्या दादाला फोन करून सांगितलं.

"ताई, खाली काय ठेवलंय हो?"

आईने सांगितलं.

तो हसला, मग बिचारा ओशाळला. त्याने समजावून सांगितलं ते तुम्हीही ऐका. लॅपटॉपच्या झाकणाच्या कडेला लोहचुंबक असतो. तो कीबोर्डच्या कडेजवळ आला की लॅपटॉप समजतो, झाकण मिटलं. वरचा पुढे ओढला की खालच्याचा चुंबक नेमका त्या कडेखाली यायचा, आणि वरच्याला वाटायचं, आपलंच झाकण मिटलं. आई ओढायची ती फक्त घाबरलेल्यांच्या फोनला, म्हणून तेच फोन तुटायचे.

"मॅडमना मी सांगतो. तुम्ही काळजी करू नका," दादा म्हणाला. "खालचा तेवढा काढून टाका."

"बरं," आई म्हणाली.

फोन ठेवला, पण तिचा हात खालच्या लॅपटॉपवरच राहिला. भीती गेली होती. तरी ती उठेना.

तेव्हा टिटवी उठली. दप्तरातून तिने आपली सगळ्यात जाड दोन पुस्तकं आणली. कंपनीचा लॅपटॉप आईला जरा उचलायला सांगितला, खालचा हळूच काढून घेतला आणि त्याजागी पुस्तकं ठेवली. बाबांचा लॅपटॉप तिने माळ्यावर टाकला नाही. आपल्या शेजारच्या खुर्चीवर ठेवला. मग मिटलेल्या झाकणाशी तोंड नेऊन, आई फोनवर बोलते तशा मऊ आवाजात म्हणाली, "घाबरू नका. मी इथेच आहे."