पाठीमागची हाक

मी एक डोकं बोलतोय. नुसतं डोकं. खाली धड नाही, वर केस नाहीत, तोंडही नावापुरतंच. कान मात्र हेवा करावा असे! रबराचे, अगदी माणसासारखे वळणदार, आणि आत एकेक मायक्रोफोन. मी ऐकलेलं तुम्ही हेडफोन लावून ऐकलंत, तर कोण डावीकडे होतं, कोण उजवीकडे, कोण मागे, सगळं जसंच्या तसं कळतं.

मला आणलं या घरातल्या मुलीने. आभासी जगांना आवाज पुरवणं हा तिचा व्यवसाय. चाचणीसाठी तिने मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, खिडकीकडे तोंड करून. बाबांनी माझ्या टकलावरून हात फिरवला. "काय टकलू, ऐकतोयस ना?" मग ते माझ्या पाठीमागे शेगडीपाशी चहा टाकायला गेले.

"अगं, ऐकतेस का? माझा चष्मा कुठे ठेवलास?"

"डोक्यावर असेल बघा," माझ्या शेजारी मटार सोलत आई म्हणाली. बाबा खो खो हसले.

त्याच हिवाळ्यात बाबा झोपेतच गेले. जगभरचे आवाज जमवणाऱ्या मुलीकडे बापाचा आवाज होता तो एवढाच.

तिने तो आईला हेडफोन लावून ऐकवला. आईने गर्रकन मागे वळून पाहिलं. आवाज पुन्हा पाठीमागूनच आला. ती परत वळली, आवाजही वळला. बिचारीला काय ठाऊक, त्या दिवशी बाबा माझ्या मागे होते, म्हणून आता ऐकणाऱ्याच्याही कायम मागेच राहणार. ती तशी गोल फिरताना पाहून माझ्या अंगावर काटा आला असता. अंगच नाही, म्हणून वाचलो.

मुलीला ते बघवेना. कितीतरी दिवस खपून तिने बाबांचा आवाज शेगडीपाशी खिळवला. आता मान कुठे वळते ते ओळखणारं नवं यंत्र डोक्यावर घालून मागे वळलं, की तो समोर यायचा.

आईने यंत्र चढवलं. मागून हाक आली. ती सावकाश वळली. "अगं, ऐकतेस का?" अगदी समोरून, स्पष्ट. आई उठली, शेगडीपाशी गेली, आवाज येत होता तिथे तिने हात लावून पाहिला. हाताला काहीच लागलं नाही.

"काढ हे," ती म्हणाली.

"आई, काय झालं? नीट येत नाहीये का?"

"मागे होते ना, तेव्हा वाटायचं, मलाच वळायला उशीर होतोय. आता वेळेवर वळले, तर नाहीतच गं ते."

मुलीने सगळं पूर्ववत केलं.

हल्ली आई रोज माझ्या शेजारी बसते, शेगडीकडे पाठ करून, कानांवर हेडफोन लावून. हाक आली की हसते, "डोक्यावर असेल बघा" म्हणते. मला मान वळवता येत नाही. तिला येते, पण ती वळवत नाही.

तुम्ही कधी या घरी आलात, तर माझी एवढी विनंती ऐका. समोरून या. आईला मागून हाक मारू नका.