‘लख्ख’मधला हत्ती

मित्रांनो, मी एक जुना व्हॅक्यूम क्लीनर आहे. माझी मोटर जळली आहे, नळी चिकटपट्टीने गुंडाळली आहे आणि एक चाक सारखे कुरकुरते. एका लहानशा खोलीच्या कोपऱ्यात मी उभा असतो. माझ्या डोक्यावर धुतलेल्या फडक्यांची चळत ठेवलेली असते. मी इथवर कसा आलो ते सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साधे व्हॅक्यूम क्लीनर फक्त धूळ ओढतात. मी धूळही ओढायचो आणि सांडलेले पाणीही. खोक्यातून बाहेर पडलो तो थेट एका हॉटेलात. तिथे लांबच लांब गालिचे होते. माझ्या नळीमुळे सगळे मला ‘हत्ती’ म्हणत. कुणाच्या हातून सरबताचा पेला निसटला की आरोळी उठायची, “अरे, हत्तीला आणा!” मी गडगडत जायचो आणि बघता बघता गालिचा कोरडा करायचो. मॅनेजरसाहेब पाहुण्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारायचे. मला चालवणाऱ्या बाईचे कौतुक मात्र कुणी केल्याचे मला आठवत नाही.

त्या बाईला सगळे वहिनी म्हणत. तिची नणंद त्याच हॉटेलात चादरी धुण्याच्या कामावर होती. वहिनी तिला ‘वन्सं’ म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणणार. वहिनीचा नवरा म्हणजे वन्संचा सख्खा भाऊ. तो एक दिवस घर सोडून गेला आणि पुन्हा फिरकला नाही. नातेवाईक वन्संना आपल्याकडे न्यायला आले, तेव्हा त्यांनी दारातच सांगून टाकले, “पळालाय तो भाऊ. वहिनी कुठे पळालीय? मी इथून हलणार नाही.” वहिनी, वन्सं आणि वहिनीची लेक छोटी, अशा तिघी एका खोलीत राहू लागल्या.

मग हॉटेल बंद पडले. दोघींचे काम एकाच दिवशी गेले. पलंग, आरसे, गालिचे विकले गेले. मला कुणी विचारले नाही. मी तळघरात धूळ खात पडलो. धूळ खाणे हे माझे कामच, पण ते असे नव्हे! शेवटी मॅनेजरसाहेब वहिनीला म्हणाले, “हा हत्ती हवा असेल तर घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल.” वहिनीने मला भर रस्त्यातून ओढत घरी आणले.

वन्संनी कपाळाला हात लावला. “वहिनी, तू काम शोधायला गेली होतीस ना? आणि हत्ती घेऊन आलीस?”

“वन्सं, दुसऱ्याच्या दारात काम मागून मागून थकले. आता आपणच सफाईचा धंदा सुरू करू,” वहिनी म्हणाली.

गावात एके ठिकाणी छोटा धंदा सुरू करणाऱ्यांना फुकट सल्ला मिळत असे. दोघी तिथे गेल्या आणि मलाही घेऊन गेल्या. आपल्याकडे दाखवायला काहीतरी आहे, एवढाच त्यांना माझा आधार होता. तिथल्या सल्लागार बाईंनी पूर्वी स्वतःची बेकरी दोनदा बुडवली होती आणि तिसऱ्यांदा चालवून दाखवली होती. हे त्यांनी आधीच सांगून टाकले.

“तुमचं गिऱ्हाईक कोण?” त्यांनी विचारले.

“जो बोलावेल तो,” वहिनी म्हणाली.

“म्हणजे अजून कोणीच नाही. बरं, धंद्याला नाव ठेवलंय?”

“नावं ठेवायला आख्खी गल्ली बसलीय आमच्या मागे,” वन्सं म्हणाल्या.

बाई खळखळून हसल्या. मग तिघींनी मिळून धंद्याचे नाव ठरवले, ‘लख्ख’. बाईंनी दोघींना फोनवर कसे बोलायचे ते शिकवले. ‘काही काम आहे का हो’ असे विचारायचे नाही. ‘आम्ही सफाईचा व्यवसाय करतो’ असे ठणकावून सांगायचे. वन्सं घरी माझ्यासमोर उभ्या राहून सराव करायच्या. “नमस्कार, मी ‘लख्ख’मधून बोलतेय!” छोटी टाळ्या वाजवायची.

पण मित्रांनो, फोन वाजेचना. दोघी दुकानांत गेल्या, कचेऱ्यांत गेल्या, उंच इमारतींचे जिने चढल्या. कुठे पहारेकऱ्यानेच परत पाठवले. कुठे म्हणाले, आमच्याकडे मोठ्या कंपनीची माणसे येतात. एका दवाखान्यात काम मिळाले. वहिनीचा जीव भांड्यात पडला. आठवडाभर मी तिथे कोपरान्‌कोपरा चाटूनपुसून काढला. मग दवाखान्याच्या मालकाचा मेहुणा सफाईच्या धंद्यात उतरला आणि आम्हाला नारळ मिळाला.

वहिनी दर वेळी सल्लागार बाईंकडे जायची आणि नवीन सल्ला घेऊन यायची. कपडे एकसारखे घाला. कामाची खात्री द्या. चिकाटी सोडू नका. वहिनीने सगळे केले. चिकाटी तर तिने इतकी धरली की तिचे जेवण सुटले. ताट समोर घेऊन ती नुसती बसायची आणि मग त्यातले छोटीच्या ताटात सरकवायची.

अशात छोटीचा मामा आला. माणूस चांगला होता. त्याने खोली पाहिली, डबे पाहिले, बहिणीचे खोल गेलेले डोळे पाहिले. “ताई, पोरीला माझ्याकडे राहू दे. तुझं बस्तान बसेपर्यंत,” तो म्हणाला. वहिनी नाही म्हणू शकली नाही. तिने नुसती मान हलवली. जाताना छोटीने विचारले, “आई, मी तिकडे किती दिवस राहायचं?” वहिनी तिच्या सदऱ्याचे बटण लावत राहिली. ते आधीच लावलेले होते.

त्यानंतर वहिनी उठेनाशी झाली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. वन्संनी समजावले, रागावल्या, रडल्या. शेवटी त्यांनी सल्लागार बाईंना फोन लावला आणि माझ्याजवळ उभ्या राहून ओरडल्या, “तुमचे सल्ले घालायचे कुठे सांगा! लेकरू गेलं घरातून! आणि ही बाई आता माझ्या हातातून चाललीय!”

पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. पण दुसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या. सल्ला मुळीच दिला नाही. वहिनीच्या उशाशी बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “एका बालवाडीत पाण्याचा पाइप फुटलाय. सगळे गालिचे भिजलेत. उद्या मुलं यायच्या आत कोरडं व्हायला हवं. मी तुमचं नाव सांगितलंय. काम बिघडलं तर माझंही तोंड काळं होईल.”

“मला नाही जमणार,” वहिनी भिंतीशीच बोलली.

“जमणार नाही तर नको. पण मी तिथे तुम्हाला घेऊनच जाणार.”

बालवाडीत घोट्याएवढे पाणी होते. लहान लहान खुर्च्या, चित्रांचे कागद, कापडी बाहुल्या, सगळे पाण्यात होते. वहिनी ते बघत उभी राहिली आणि मग तिने मला सुरू केले. किती दिवसांनी मी पाणी ओढत होतो! पण पाणी ओढण्याआधी माझ्या पोटातला धुळीचा फिल्टर काढून ठेवावा लागतो. हॉटेलात वहिनी हे कधी विसरली नव्हती. त्या दिवशी विसरली. माझा श्वास कोंडला. मोटर तापली, जळका वास सुटला, आणि अर्धी खोलीसुद्धा झाली नव्हती तोच मी थंड झालो.

वहिनी माझ्याशेजारी त्या पाण्यातच बसली. “गेलं. हेही गेलं. माझ्या हाताला यशच नाही, वन्सं. मला सोडून द्या तुम्ही.”

वन्संनी पदर खोचला. “सोडायचं असतं तर तेव्हाच नसतं का सोडलं? ऊठ. चादरी पिळून पिळून हे हात तयार झालेत माझे.”

वहिनी उठली नाही. वन्सं एकट्याच टॉवेल भिजवून बादलीत पिळू लागल्या. सल्लागार बाईंनी चपला काढल्या, साडी वर घेतली आणि दुसरा टॉवेल उचलला. त्यांना काही ते धड पिळता येईना, निम्मे पाणी परत खाली पडायचे. वहिनी बघत होती. पाण्यातून एक चिमुकला बूट तिच्या पायाशी आला. तिने तो उचलला, निथळला आणि खिडकीत वाळत ठेवला. मग तिने बाईंच्या हातातून टॉवेल घेतला. “असा नाही हो. असा धरा.”

दिवस मावळेपर्यंत तिघी राबल्या. वहिनी राबताना रडत होती, पण तिचे हात थांबले नाहीत. गालिचे गच्चीवर गेले, फरशी कोरडी झाली, खुर्च्या रांगेत लागल्या.

त्या बालवाडीने ‘लख्ख’ला रोजचे काम दिले. तिथल्या शिक्षिकेने आणखी एका शाळेत नाव सांगितले. ‘लख्ख’ काही रातोरात मोठी झाली नाही. आजही एखादे काम सुटले की वहिनीचा चेहरा पांढरा पडतो. पण चूल पेटत राहिली आणि एक दिवस मामा छोटीला परत घेऊन आला.

छोटी उंच झाली होती. ती दारातच थांबली. वहिनीने हात पसरले तर म्हणाली, “आई, तुम्ही बऱ्या आहात ना?” मामाच्या घरी मोठ्यांना ‘तुम्ही’ म्हणायची रीत होती, तिचा काही दोष नव्हता. वहिनीने हसून तिला जवळ घेतले. छोटी आत्याबरोबर बाहेर गेल्यावर मात्र वहिनी माझ्या डोक्यावरच्या फडक्यांत तोंड खुपसून हमसून हमसून रडली.

कितीतरी दिवस घरात ते ‘तुम्ही’ चालले. मग एका सकाळी वेणी घालताना केस ओढले गेले आणि छोटी किंचाळली, “आई गं, हळू ना! तुला कळत नाही का दुखतंय ते!” वहिनीचा हात थांबला. वन्सं चहा ओतता ओतता थांबल्या. “पुन्हा ओरड बघू माझ्यावर,” वहिनी म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरचे कुणी दिवसभर दुसऱ्यांच्या खोल्या पुसून आले आणि गप्प बसून राहिले, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. काही सुचले नाही तरी चालेल. माझी दुरुस्ती अजून राहिली आहे. राहू दे. आधी वहिनीला नीट दोन घास जेवू दे.