दुधाची धास्ती

चंद्री म्हशीनं वैरण टाकली, त्या दिवशी बनुबाईच्या घरात कुणी धड जेवलं नाही. कुंडलच्या खालच्या अंगाला मळ्यामळ्यानं पाच-सहा घरांची वस्ती होती. त्यातल्या बनुबाईच्या घरात पुरुषमाणूस उरला नव्हता. नवरा केव्हाच वारलेला, एकुलता एक कृष्णात पलटणीबरोबर ब्रह्मदेशाकडं लढाईवर गेलेला. मागं सून अंजना, तिची चार वर्षांची हौसा आणि ही म्हैस. चंद्रीचं दूध आणि ताक वस्तीतल्या प्रत्येक चुलीपर्यंत पोचायचं. बनुबाईचा वस्तीवर जो काही वट होता, तो निम्मा त्या ताकामुळंच होता.

म्हशीचा जबडा लोंबत होता. तोंडातून लाळेची तार थेट जमिनीला टेकली होती आणि घशातून घोगरा, चिरका आवाज येत होता. बनुबाईनं तिला एकदा मागून बघितलं, एकदा पुढून बघितलं आणि निकाल देऊन टाकला. तिला शंका म्हणून कधी यायचीच नाही.

"आंब्याची कोय गिळलीया. नरड्यात अडकून बसलीया बघ."

दिवस आंब्यांचे होते, त्यामुळं ते सगळ्यांना पटलं. भाऊकीतल्या कोंडीबाला हाक गेली. वस्तीतलं कुठलंही जनावर दुखलंखुपलं की कोंडीबा लागायचाच. जनावरांवर त्याचा भारी जीव, आणि जिभेला हाड असं नव्हतंच. त्यानं चंद्रीचा जबडा फाकवला, भेगाळलेल्या पंजात जीभ धरून बाहेर ओढली आणि म्हणाला, "घाला हात, वैनी. गिऱ्हाईक तयार हाय."

बनुबाईनं पदर खोचला आणि हात घातला. तो मनगटापर्यंत गेला, पुढं सरकेना. दाढांवर घासून बोटांची सालटं निघाली. हात पदराला पुसत तिनं सुनेकडं बघितलं.

"अंजने, तू ये. तुजा हात बारीक हाय."

"आत्याबाई, मला भ्या वाटतंय."

"भ्यायला ती काय वाघ हाय? घाल म्हंते न्हवं!"

अंजनानं डोळे मिटून कोपरापर्यंत हात घातला. आत कोय नव्हती. काहीच नव्हतं. तिनं तसं सांगितलं, तर सासू म्हणाली, अजून आत चाचप. तेवढ्यात म्हशीनं मान हिसडली, कोंडीबाच्या हातातून जीभ निसटली आणि जबडा मिटला. हात बाहेर आला तेव्हा दोन बांगड्यांची काच कोपराखाली रुतली होती आणि रक्ताची धार लागली होती.

अंजना रक्ताकडं बघतच नव्हती. ती शेणात पडलेले हिरवे तुकडे बघत होती. नवरा गोळीच्या तोंडी उभा असलेल्या बाईनं ते तुकडे बघून काय समजायचं, हे काही कुणी शिकवावं लागत नाही. बनुबाईनंही ते तुकडे बघितले. तिनं जखमेत हळद दाबली आणि सुनेच्या तोंडावर हात ठेवला.

"फुटली म्हनू नगंस. वाढवली म्हन."

त्याच संध्याकाळी दोघी देवीला जाऊन ओटी भरून आल्या. कृष्णात गेल्यापासून अंजनानं दूध-दही वर्ज्यच केलं होतं. तो परत येईपर्यंत पांढरं तोंडाला लावायचं नाही, असा तिचा नेम होता. आता तिनं एक वेळचं जेवणही सोडलं.

चंद्री तिसऱ्या दिवशी पाय खोडत मेली. तिला ओढून नेताना कोंडीबा मध्येच थांबला. त्याचा चेहरा उतरला होता.

"वैनी, शिमग्याच्या पुढं वड्याला आमी ते कुत्रं मारलं, आठवतंय का? पिसाळल्यालं? मारायच्या आदी ते हिच्याच नाकाडाला लोंबकळलं व्हतं. माज्या ध्यानातनंच गेलं."

वस्तीवर जो कल्लोळ उठला, तो विचारू नका. सगळ्यांच्या पोटात चंद्रीचं दूध होतं. बायकांनी विरजणं उकिरड्यावर ओतली, गाडगी फोडली, पोरांच्या घशात बोटं घालून त्यांना ओकायला लावलं. कालपर्यंत ताकासाठी तांब्या घेऊन दारात बसणाऱ्या म्हाताऱ्या आता बनुबाईला बोटं मोडून शिव्या देऊ लागल्या. ती खाली मान घालून ऐकत होती. दूध तिनंच वाटलं होतं.

विट्याकडं एका गावात कुत्र्याच्या विषावर मुळी देणारा वैदू होता. गुळातून मुळी खायची, परतीच्या वाटेवर सात विहिरींत डोकावायचं आणि मागं वळून बघायचं नाही. बैलगाड्या जुंपून सगळी वस्ती गेली. कोंडीबाही गेला. घरी राहिली एकटी अंजना.

"तुला गं काय भ्या?" शेजारणी जाताना म्हणाल्या. "तू थेंब घेत न्हाईस. देवानं तुलाच राखली."

बनुबाईलाही ते पटलं. सगळ्या वस्तीत सुरक्षित असं एकच माणूस होतं आणि ते आपल्या घरातलं, म्हणून तिला तेवढ्यात बरंही वाटलं. सुनेला गोठा धुवायला सांगून ती हौसाला घेऊन गाडीत बसली.

पण मुळी खाऊनही बनुबाईला चैन पडेना. हौसानं सगळ्यांत जास्त दूध प्यायलं होतं. पोरगी खेळता खेळता बसली तरी आजी धावत जाऊन तिचं कपाळ चाचपायची. शेवटी तिनं मनाशी ठरवलं आणि कुणाला न विचारता पोरीला काखेत मारून आगगाडीत बसली. मिरजेला उतरून टांग्यानं सांगली गाठली. दवाखान्यातल्या डॉक्टरपुढं हौसाला उभी करून ती हात जोडून म्हणाली, "माज्या हातानं इख पाजलंय हिला. वाचवा."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "दूध तापवलेलं होतं?"

"उकळी फुटल्याबिगार म्या कुनाला दिलं न्हाई."

"मग दुधाची चिंता सोडा. पोरीला काही होत नाही." बनुबाई तिथंच मटकन बसली आणि रडू लागली. डॉक्टर पुढं म्हणाले, "विष असतं लाळेत. म्हशीच्या तोंडात कुणी हात घातला होता का? औषध पाजायला, काही काढायला?"

बनुबाईचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग शेणातले हिरवे तुकडे डोळ्यांपुढं आले.

"सुनंनं," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "सुनंनं घातला व्हता. म्या सांगितलं म्हनून. आन् कोंडीबानं जीभ धरली व्हती."

"जखम झाली?"

"कोपराच्या खाली काच रुतली."

डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं. विष हळूहळू मेंदूकडं चढतं. चढेपर्यंत माणूस हसतं, खेळतं, काही कळत नाही. एकदा का पाणी गिळताना घसा आवळायला लागला, की जगातला कुठलाही डॉक्टर काही करू शकत नाही. त्याच्या आत पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची. वाचण्याची आशा चांगली आहे, पण हमी कुणी देणार नाही. "दोघांनाही आणा. पहिल्या गाडीनं आणा."

परतीच्या गाडीत बनुबाई हौसाला घट्ट धरून बसली होती. साऱ्या वस्तीनं दुधाची धास्ती घेतली होती, आणि जिनं दुधाला बोटही लावलं नव्हतं तिला विषात हात घालायला बनुबाईनं स्वतः लावलं होतं. वर तिलाच एकटीला मुळीवाचून घरी ठेवलं होतं. आपल्या थोबाडीत मारून घ्यावं असं तिला वाटत होतं, पण डब्यात माणसं होती.

स्टेशनावरून येताना कोंडीबा बांधावर भेटला. तिनं धापा टाकत त्याला सगळं सांगितलं. तो हसला.

"वैनी, म्या सात हिरी बगून आलोय. आता आनी पोटात सुया कशाला? आन् मला कुटं दात लागलाय?"

"भावजी, हाताला भेगा हायेत तुमच्या."

"त्या काय आजच्या हायेत व्हय? तुमी आदी सुनंला न्या. तिचं बगा. मी येतो मागनं."

बनुबाईला घर गाठायची घाई होती. ती पुढं निघाली.

अंजना चुलीपुढं बसली होती. तिनं सासूचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं आणि चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"मी न्हाई येनार."

"अगं, मरशील!"

"मरीन. दोन महिनं झालं, त्यांचं पत्र न्हाई. माजी बांगडी त्यांच्यावर गेलीया, आत्याबाई. ते न्हाईत, तर परक्या मानसापुढं पोट उगडं टाकून मी कुनासाठनं जगू?"

बनुबाईनं आधी दटावलं, मग आईबापाच्या शपथा घातल्या, मग हौसाला आणून तिच्या मांडीत बसवलं. अंजना हलेना. तिच्या कोपराखालची जखम भरून आली होती, वर नवी गुलाबी कातडी धरली होती. ती कातडी बघून बनुबाईचा धीर सुटला. आजवर जिनं सुनेकडून पायावर पाणी घालून घेतलं, तिनं चुलीपुढच्या राखेत डोकं टेकून सुनेचे पाय धरले.

"बांगडीनं माज्या ल्येकाचं कायबी केलं न्हाई गं. तुजंच केलंय. मी केलंय. त्यो आला आन् अंजनी कुटं हाय म्हनला, तर मी काय दावू त्याला? माज्यासाठनं चल. मी तुज्या पाया पडते."

अंजना घाबरून मागं सरकली. सासूच्या कपाळाची राख तिनं पदरानं पुसली आणि उठून धडुतं गोळा करायला लागली.

हौसाला कोंडीबाच्या बायकोनं, रंगूबाईनं सांभाळलं. या दोघी सांगलीत नदीकाठच्या धर्मशाळेत राहिल्या. रोज एक सुई पोटात जायची. अंजनाचं पोट टणक होऊन सुजलं, तिला वाकता येईना, कुशीवर वळता येईना. बनुबाई तिला लहान पोरीसारखी भरवायची. कोंडीबाची ती रोज वाट बघायची. तो आला नाही. पेरणीचे दिवस आहेत, असा निरोप तेवढा आला.

शेवटची सुई घेऊन घरी आल्या, तर कृष्णातचं पत्र येऊन पडलं होतं. खुशाल होता. अंजना ते छातीशी धरून खूप रडली.

बनुबाईचं मात्र काही सुटलं नव्हतं. हमी कुणी देणार नाही, हे डॉक्टरांचं बोलणं तिनं सुनेला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी अंजना उठली, की ती तिच्या हातात पाण्याचा पेला द्यायची आणि समोर बसून तिच्या गळ्याकडं बघत राहायची. घोट खाली उतरला, की तिचा दिवस सुरू व्हायचा. म्हातारीनं नवीन खूळ काढलंय म्हणून अंजना हसायची आणि पिऊन टाकायची.

आषाढात कोंडीबाच्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. मग ताप आला. रंगूबाईनं पेज पुढं केली तर तो ओरडून मागं सरला, पेला बघूनच त्याचा घसा आवळला. रंगूबाई बनुबाईकडं धावत आली. बनुबाई गेली तेव्हा वस्तीतल्या चौघांनी त्याला धरलं होतं. त्याला सगळं कळत होतं. तो म्हणाला, "वैनी, मला न्या की सांगलीला. आता येतो मी." सुनेचे बनुबाईनं पाय धरले होते. याला एकदाच सांगितलं होतं, तेही चालता चालता.

त्याला मूठमाती देऊन माणसं परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाईनं नेहमीसारखा पेला भरला. अंजनानं तो घेतला. कोंडीबाला पाणी गिळता आलं नाही हे सगळ्या वस्तीनं बघितलं होतं, त्यावरून तिलाही त्या पेल्याचं खूळ कळलं होतं. तिनं सासूच्या डोळ्याला डोळा भिडवून, सावकाश, घोट घोट करत अर्धा पेला प्यायला. मग उरलेला तिच्यापुढं धरला.

"आता तुमी."

"मी कशाला?"

"रातभर मी त्यो दीस आटवत व्हते. कोंडीबा मामंजींनी जीभ धरली, मी हात घातला. पर पैला हात कुनाचा गेला, आत्याबाई?"

बनुबाईनं स्वतःच्या बोटांकडं बघितलं. सालटं निघाली होती, ती कधीच भरून आली होती. डॉक्टरांपुढं तिनं सगळ्यांची नावं घेतली होती, आपलं तेवढं राहिलं होतं. चौदा दिवस ती त्या सुईच्या शेजारी बसून होती आणि एकदाही तिला हे आठवलं नव्हतं.

तिनं पेला तोंडाला लावला. पाणी उतरलं, आणि ते उतरेपर्यंत अंजना तिच्या गळ्याकडं बघत होती.

"लय दीस झालं आता," बनुबाई हळूच म्हणाली. "आन् माजं म्हातारीचं काय ऱ्हायलंय? उगं कशाला..."

अंजना खाली बसली. पोट अजून दुखत होतं, तरी ती वाकली आणि तिनं सासूचे दोन्ही पाय धरले.

"त्यांनी इच्यारलं, आई कुटं हाय, तर मी काय दावू?"

बनुबाईनं तोंड फिरवलं. अंजनानं उठून हौसाला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातानं सासूचं मनगट धरलं आणि तिला तशीच दाराबाहेर काढली. भाकरी बांधून घ्यायलाही ती थांबली नाही. पहिल्या गाडीला अजून वेळ होता, तरी तिघी स्टेशनाच्या वाटेनं पळतच निघाल्या.