मृणालीच्या वर्गातला नामांचा तक्ता

माझ्या डाव्या कोपऱ्यातल्या पितळी कडीभोवती एक हिरवट डाग आहे. समुद्राची खारी, दमट हवा कडीला लागते, पितळ हळूहळू झिजते आणि त्याचा रंग कापडात उतरतो. उन्हाळ्यात डाग तेवढाच राहतो. पावसाळ्यात किंचित पसरतो. त्यावरून माझे वय ओळखा, मित्रांनो. केळशीजवळच्या एका वाडीतल्या शाळेत भिंतीवर टांगलेला मी इंग्रजी नामांचा तक्ता.

दर्शनाबाईंनी मला जुन्या पडद्याच्या कापडातून शिवले. पाच कप्पे केले: माणसे, जागा, प्राणी, वस्तू आणि हाताला न लागणाऱ्या गोष्टी. कप्प्यांत पुठ्ठ्याच्या पट्ट्या. बाईंची रीत अशी, की शब्द नुसता घोकायचा नाही. पट्टी नेऊन त्या त्या गोष्टीला बांधायची. 'वेल' विहिरीच्या रहाटाला, 'ट्री' फणसाला. ओमकारने एकदा 'बफेलो' म्हशीऐवजी वर्गातल्या विठूच्याच पाठीला बांधली आणि विठू ती दिवसभर मिरवत फिरला. 'अँगर' नि 'फ्रेंडशिप' कशाला बांधायच्या, यावर मात्र भांडणे होत. त्या काळी माझे कप्पे दुपारभर रिकामे असत आणि मला त्याचाच अभिमान वाटे.

मग एकेक घर मुंबईला गेले. माणसांच्या कप्प्यातल्या, मुलांच्या नावांच्या पट्ट्या मात्र बाईंनी काढल्या नाहीत. यंदा काकीकडे राहणारी मृणाली तेवढी उरली. तीही गेली, तर शाळा बंद होणार हे बाईंना ठाऊक होते. मृणालीचा बाप निलेश बाईंचाच जुना विद्यार्थी. सणाला मुंबईहून आला, की विचारी, "बाई, हिला नेऊ का?" बाई म्हणत, "बघू, गणपती होऊ देत." गणपती झाले, शिमगा झाला, तरी बाईंचे 'बघू' काही सरेना.

माझ्या पट्ट्या आता कप्प्यांतच असतात. मित्रांनो, जुन्या वस्तूला नुसते टांगून ठेवू नका, हाताळत राहा. हात लागेनासा झाला, की बुरशी लागते.

परीक्षा संपल्यावर निलेश पुन्हा आला. तेव्हा मृणाली बसकरांवर नावांच्या पट्ट्या मांडून समोर उभी होती.

"काय गो, हे काय चाललंय?"

"गप बसा ना, बाबा! वर्ग भरलाय." मग ती पट्ट्यांकडे वळली. "ओमकार, पुढे सरक. विठू, डबा आत्ता उघडायचा नाय हां!" आणि आवाज जाड करून विठूचे उत्तरही तिनेच दिले, "भूक लागली गो!"

निलेश मोठ्याने हसला. दर्शनाबाई हसल्या नाहीत. त्या कितीतरी वेळ त्या रिकाम्या बसकरांकडे पाहत राहिल्या.

"निलेश, जूनमध्ये हिला घेऊन जा."

"आणि बाई, शाळा?"

"कुलूप मी लावीन. तू हिला मुलांत घेऊन जा."